मागीलप्रमाणे

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आज आम्हा निरीक्षकांना एकेक जाडजूड वही दिली. रोज कुठे गेलात, काय पाहिलंत, काय कारवाई केलीत, सगळं लिहायचं. महिनाअखेरीस ते वाचणार. साहेब म्हणजे आमचे नवे आरोग्य अधिकारी. डॉक्टर आहेत, वयाने माझ्या धाकट्या भावाहून लहान. माणूस हुशार, पण कागदावर फार जीव. ती वही टेबलाच्या खणात टाकली आणि घरी येताना ही दुसरी विकत घेतली. साहेबांना दाखवायचं ते तिथे, मनात असेल ते इथे.

बावीस वर्षं मी घरं, खानावळी आणि दूध तपासते आहे, या भागात सहावं वर्ष. जानेवारीत इमारतींची वार्षिक पाहणी एकोणीस दिवसांत उरकली. एकसष्ट इमारती! साहेबांनी भर बैठकीत कौतुक केलं, तेव्हा बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. त्यांना जमत नाही, कारण एकेका किल्लीसाठी ते तासतासभर ताटकळतात. आमच्या तक्त्यात प्रत्येक इमारतीला चौदा रकाने असतात. जिथे कुलूप असेल, रखवालदार जागेवर नसेल, तिथे 'मागीलप्रमाणे' लिहायचं आणि पुढे जायचं, ही कचेरीची जुनी रीत. माझ्या आधीच्या निरीक्षकांनी इथल्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "बाई, भिंती काय वर्षभरात पळून जातात का?"

६ मार्च, गुरुवार

छापखान्यामागच्या इमारतीत तीन मुलं आजारी. जुलाब, उलट्या, ताप. दवाखान्यातून चिठ्ठी आली म्हणून गेले. चार मजले, अडतीस खोल्या, मध्ये फरशीचा चौक, आणि चौकातल्या दोन नळांवर सगळ्यांचं पाणी. पायऱ्या अशा झिजल्यात की उतरताना कठडा सोडवत नाही.

पहिल्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहते. नवरा मालवाहू बोटीवर, सहा सहा महिने घरी नाही. तिची दहा महिन्यांची मुलगी गुबगुबीत आहे म्हणून सगळी इमारत तिला ढबू म्हणते. आज ती ढबू मलूल होऊन खांद्यावर पडली होती. आई शिलाई मशीनवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने तिला थोपटत होती.

विचारलं, काय काय देतेस? "दूध देते. चांगलं उकळून. आणि थोडं पाणी." दूध कुणाचं? तिन्ही घरांचं उत्तर एकच आलं, दूधवालीचं. मग आणखी काय हवं?

ती दूधवाली मला चांगली ठाऊक आहे. चाळिशीची, एकटी, पाच गाई, जिभेला हाड नाही. सायकलवर मोठा कॅन आणते आणि चौकात उभी राहून लहान किटलीत दूध ओतून घेऊन मजले चढते. मी बघत होते. प्रत्येक मजल्याच्या आधी ती किटली आणि माप नळाखाली खळखळून धुते. तीन तीनदा! मला पाहून चौथ्यांदा धुतली. म्हटलं, कर नाटक, उद्या बघते तुझ्याकडे.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी तिला जिन्यातच गाठलं. किटलीतला नमुना घेतला, बाटली तिच्यासमोर सील केली. लॅक्टोमीटरने दूध किंचित पातळ दाखवलं.

"पाणी घालतेस?"

"बाई, धुतल्यावर किटलीत चार थेंब राहतात, त्याचं काय करू? फुंकून वाळवू? गोठ्यात या ना. गाईखाली बसा आणि घ्या नमुना."

"नमुना विकतानाचा घ्यायचा असतो. नियम आहे."

"मग नियमालाच पाजा दूध," म्हणाली आणि ताडताड जिना चढून गेली. आजूबाजूचे हसले. मला राग आला, तो लपवत नाही. ही गोष्ट मी विसरणार नाही.

११ मार्च, मंगळवार

आला अहवाल! दुधात मैल्यातले जंतू, भरपूर. प्रयोगशाळेतला केमिस्ट फोनवर म्हणाला, "शेणातूनही येतात असले, नक्की कुठले ते सांगता येणार नाही." मला नक्की सांगता येत होतं.

दुपारी साहेबांची सही घेऊन तिचा परवाना निलंबित केला. सुनावणी २७ तारखेला. कॅन, किटली, माप, सगळं सील केलं आणि उरलेलं दूध चौकातल्या गटारात ओतायला लावलं. सगळी इमारत गोळा झाली होती. मला वाटलं, ती आकांडतांडव करेल. ती एवढंच म्हणाली, "बाई, मी किटली घरच्या लेकरासारखी घासते." तिला लेकरू नाही. मग रिकामी सायकल ढकलत निघून गेली. मला थोडं कसंतरीच झालं, पण दया दाखवायची तर या नोकरीत येऊ नये.

आयांना सांगितलं, तूर्त बाळांना डब्याची पावडर कालवून पाजा. शिवणकामवालीने तर माझा हात धरला. म्हणाली, "बाई, तुम्ही आलात म्हणून कळलं. मी विष पाजत होते हो लेकराला."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की कान बंद असतात असं मी समजत होते. पण भिंग न काढताच म्हणाले, "ती बाकीच्या गल्ल्यांतही दूध घालते ना? तिथे कोण आजारी आहे?" म्हटलं, कुणी नाही, नशीब त्यांचं. "हं," म्हणाले. यांचं 'हं' म्हणजे दुधात मिठाचा खडा.

१४ मार्च, शुक्रवार

छापखान्यामागे आणखी दोघं आजारी. त्यातला एक तिसऱ्या मजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा. त्याची आई म्हणते, तो दूध तोंडात धरतच नाही, कधीच नाही. खोटं बोलत असणार. आता दूधवालीचं गिऱ्हाईक होतो म्हणायची लाज वाटते लोकांना. तक्त्यात 'दूध घेत असावा' असं लिहिलं.

१५ मार्च, शनिवार

दूधवालीच्या गोठ्यावर कुणीतरी दगड मारले. एका गाईच्या डोळ्याला लागलं. कचेरीतला शिपाई सांगत होता, शिवणकामवाली नळावर दिसेल त्याला सांगते की दूधवालीने मुलांना मारायला घेतलं होतं. आईच ती. बोलणारच.

१७ मार्च, सोमवार

ढबूला काल इस्पितळात नेलं. मी संध्याकाळी गेले. डोळे खोल गेलेत, ओठ कोरडे, मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. ही तीच मुलगी यावर विश्वास बसेना.

आई भिंतीला टेकून बसली होती. "दूध बंद केलं तरी थांबेना, बाई. उलट वाढलं. तुम्ही सांगितलं तशी पावडरच देतेय. नळाच्या पाण्यात, कोमट करून."

मी विचारलं, "उकळून नाही?"

"दूध असतं तर उकळलं असतं. पावडरीला काय उकळायचं? तुम्ही कालवून म्हणालात." मग थोड्या वेळाने, "सकाळचं पहिलं पाणी गढूळ येतं ते मी सोडून देते हो. मागचंच भरते."

त्या दिवशी उकळलेल्या पाण्यात असं म्हटलं होतं की नाही, ते आठवायचा खूप प्रयत्न केला. म्हटलं असेन. बावीस वर्षं म्हणतेय. पण त्या दिवशी मी घाईत होते आणि खुशीत होते.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी कचेरी उघडण्याआधीच जाऊन उभी राहिले. दप्तरखान्यातून त्या इमारतीचे जुने तक्ते काढून घेतले. म्हाताऱ्या दप्तरवाल्याने न विचारता पाणी दिलं आणि मला ते पिववेना.

जानेवारीचा तक्ता माझा. रकाना नववा: पाण्याची जमिनीखालील टाकी. माझ्या अक्षरात 'मागीलप्रमाणे'. आठवलं. टाकीवर छापखान्याचे कागदाचे गठ्ठे रचलेले होते आणि रखवालदार लग्नाला गेला होता. गेल्या वर्षीचा तक्ता: 'मागीलप्रमाणे'. त्याच्या आधीचा: 'मागीलप्रमाणे'. तोही माझा. असे मी पाच वर्षं मागे गेले, सगळे माझे. मग माझ्या आधीच्या निरीक्षकांचे तीन. तेच. मला वाटत होतं की शेवटी कुठेतरी 'स्वच्छ, झाकण ठीक' असं सापडेल.

नऊ वर्षांपूर्वीचा तक्ता कुणा बदलीवर आलेल्या माणसाचा होता. बारीक, सुवाच्य अक्षर. 'झाकणाचा अर्धा भाग तुटलेला. शेजारी सांडपाण्याचा चेंबर, अंतर दोन हात. तातडीने बदलणे.'

आणि पुढच्या वर्षीपासून मागीलप्रमाणे. म्हणजे नऊ वर्षं आम्ही दरवर्षी सही करून लिहीत आलो की झाकण तुटलेलं आहे, आणि एकानेही मागचं पान उलटून पाहिलं नाही.

१९ मार्च, बुधवार

गठ्ठे हलवायला चार माणसं लागली. छापखान्याचा मालक आरडाओरडा करत होता, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खाली अर्धं झाकण. उरलेल्या अर्ध्यावर कुणीतरी जुना दरवाजा टाकलेला, तो कुजून आत वाकलेला. चेंबर तुंबून त्याचं पाणी दरवाज्याच्या फळीवरून थेंब थेंब आत पडत होतं. किती दिवस पडत होतं देव जाणे. गुडघ्यावर बसून बघितलं. जे पाहिलं ते लिहिणार नाही. अडतीस घरं ते पीत होती.

नळ बंद केले, टँकर मागवला. तिथून तशीच दूधवालीच्या गोठ्यावर गेले. तिने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. गाईखाली बसून नमुना घेतला. तिने गाईचे पाय धरले. एका गाईच्या डोळ्यावर फडकं बांधलेलं होतं. जाताना तिने विचारलं, "हा नियमात बसतो का?" मी म्हटलं, "नाही. पण तुमचं बरोबर होतं."

बावीस वर्षांत मी कुणा दूधवाल्याला 'तुमचं बरोबर होतं' म्हटल्याचं आठवत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ढबू गेली. पहाटे.

२४ मार्च, सोमवार

गोठ्यातला नमुना निर्मळ आला. टाकीच्या पाण्यात तेच मैल्यातले जंतू, दुधातल्याच जातीचे. दूधवाली स्वच्छतेपायी ज्या नळावर किटली धूत होती, त्याच नळाने तिचं दूध नासवलं. तिने आळस केला असता तर कदाचित तिचं दूध चांगलं राहिलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी, आणि तीही वाजतगाजत.

सगळे कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचले. दार लावून घेतलं.

"बाई, इमारतमालकाला नोटीस काढू. दूधवालीला पाणी मिसळल्याची ताकीद देऊन परवाना परत देऊ. प्रकरण मिटेल. हे जुने तक्ते कुणी मागितलेले नाहीत, आपण कशाला पुढे करायचे?"

"पण तिने पाणी मिसळलं नाही, साहेब."

"थेंब तर होते?" मग जरा आवाज उतरवून, "तुमची आठ वर्षं उरली आहेत. जानेवारीच्या तक्त्यावर तुमच्या सहीखाली माझीही सही आहे. आणि मूल काही परत येणार नाही."

ते वाईट नाहीत. बोलताना ते टेबलावरचे कागद पुन्हा पुन्हा नीट लावत होते. मी विचार करते म्हणाले आणि बाहेर आले.

२५ मार्च, मंगळवार

खरं लिहायचं तर साहेबांचं म्हणणं मला पटावं असं फार वाटतंय. नोकरी गेली तर एकट्या घड्याळांवर घर चालायचं नाही, हे तर आहेच. पण खरी भीती वेगळी. बावीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्या, भांडी, नखं बघत आले. आता त्यांनी माझं बघायचं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मी किती जणांना तोंडावर ऐकवलंय.

ताकीद घेऊन दूधवालीला परवाना मिळेल. पण मुलं मारणारी म्हणून जे कपाळी लागलं ते राहील. तिच्या हातचं दूध कोण घेईल?

ह्यांना विचारलं, काय करू? भिंग काढून खाली ठेवलं. म्हणाले, "तू काय करणार ते तुला कळलंय. फक्त भीती वाटते, एवढं सांगायला माझ्याकडे आलीस." मग जवळ बसले.

२७ मार्च, गुरुवार

वरिष्ठांपुढे सुनावणी झाली. मी दहाच्या दहा तक्ते मांडले. वाचून दाखवले, एकेक, तारखेसकट. पाचव्यानंतर साहेबांनी मान खाली घातली. शेवटी तेही उभे राहिले आणि म्हणाले, "माझीही सही आहे." एवढं त्यांच्याकडून मला अपेक्षित नव्हतं. दूधवालीवरचा ठपका काढून टाकला, परवाना परत. माझी चौकशी, तोवर निलंबन. इमारतमालकाचा वकील हसत होता. तुमच्याच कचेरीने नऊ वर्षं चालवून घेतलं म्हणाला, आणि ते खरं आहे.

दूधवाली परवाना हातात घेईना. म्हणाली, "हा कागद कुणाला दाखवू? ती पोर माझ्या मांडीवर खेळायची. तिची आई मला बघून दार लावते. आधी तिला सांगा, मी नाही मारलं म्हणून. मग द्या काय द्यायचं ते."

२८ मार्च, शुक्रवार

गेले. ओळखपत्र काल जमा केलंय, वही नाही, पिशवी नाही. रिकाम्या हातांनी कुणाच्या दारात उभं राहायची सवयच नाही मला.

शिवणकामवालीने दार उघडलं. मशीन झाकून ठेवलेलं. दोरीवर लहान कपडे अजून तसेच होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. टाकी, झाकण, नऊ वर्षं, पावडर. सगळं. मध्ये रडले नाही. माझ्या रडण्याला तिथे जागा नव्हती.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जानेवारीत तुम्ही आला होतात तेव्हा मी सांगितलं होतं, पाण्याला वास येतो. तुम्ही हो म्हणालात. ही कडेवर होती. तुम्ही हिचा गालही ओढलात."

मला आठवत नाही. शपथेवर सांगते, काहीच आठवत नाही. तसं तिला म्हटलं. तेवढं तरी खरं बोलायला हवं होतं.

वाटलं, आता दार लावेल. लावलं तर बरं, असंही वाटलं. तिने पायांत चपला घातल्या.

"मला एकटीला सांगून काय होणार? दूधवालीने मारलं, हे मीच दारोदार सांगत फिरले. माझ्या तोंडून गेलंय ते. आता नुसतं तुमचं कोण ऐकेल? चला, मी येते."

पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. ती कडी वाजवायची, मी बोलायचं. दूध चांगलं होतं. टाकी खराब होती. ती मी पाहिली नाही आणि पाहिल्याची सही केली. कुणी शिव्या दिल्या, कुणी आत बसा म्हणालं, ते जास्त लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाची आई म्हणाली, "मी सांगत नव्हते का, तो दूध पीत नाही?" मी म्हटलं, हो, सांगत होतात. मुलगा तिच्या पायाशी खेळत होता, बरा आहे. शिवणकामवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

चौथ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक आजोबा राहतात, कानाने ठार बहिरे. माझं सगळं सांगून झालं तरी ते नुसते बघत राहिले. शिवणकामवाली त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "आजोबा, आमची ढबू दुधानं नाही गेली! पाण्यानं गेली! टाकी न बघता सही केली होती!"

"कुणी?" आजोबांनी विचारलं.

ती सरळ उभी राहिली आणि बाजूला झाली. मी पुढे होऊन सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. "कुणी?"

मी ओरडून सांगितलं, "मी! मी केली!" खालच्या मजल्यांवरची बोलणी थांबली. लोक कठड्याशी येऊन वर बघू लागले. आजोबांनी मान हलवली. त्यांना अजून ऐकू आलं नव्हतं. मी आणखी जवळ गेले आणि पुन्हा सांगितलं.